देवनागरीतील संकेतस्थळाचा पत्ता: तो मिळतो कसा, चालतो कसा आणि अडतो कोठे

गोव्यातील गावांची नावे लॅटिन लिपीत लिहिताना आजही बहुतेक ठिकाणी पोर्तुगीज काळातील वर्णलेखन वापरले जाते. डिचोलीचे अक्षरांबरहुकूम वाचन केले, तर ते 'बिचोलिम' होते. साखळीचे 'सांक्वेलिम', केप्याचे 'क्वेपेम' आणि पेडण्याचे 'पेर्नेम'. यांपैकी एखाद्या गावातील वाचनालयाने, भजनी मंडळाने किंवा खानावळीने संकेतस्थळ सुरू करायचे ठरवले, की पत्त्यात गावाचे नाव कोणत्या स्पेलिंगने घालावे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. रूढ स्पेलिंग घेतले तर ते बोलण्यातील नावाशी जुळत नाही आणि उच्चाराप्रमाणे लिहायचे म्हटले, तर एकाच नावाची तीन-चार स्पेलिंगे संभवतात. जत्रेच्या ध्वनिक्षेपकावरून असा पत्ता सांगितला, तर ऐकणाऱ्याला घरी जाऊन तो अचूक टाइप करता येईलच, याची खात्री नसते. देवनागरीत मात्र साखळी ही साखळीच राहते.

अशा देवनागरी पत्त्याची नोंदणी भारतात २०१४ पासून करता येते. रशियन, अरबी, चिनी अशा लिप्यांत तर ती त्याहूनही आधीपासून होत आहे. तरीही आपल्याकडे ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याही मनात बरेच गैरसमज आहेत. काहींना वाटते, की लॅटिनमधील नाव विकत घेतले की त्याचे देवनागरी रूप आपोआप आपले होते. तसे होत नाही. लॅटिनमधील नाव आणि देवनागरीतील नाव ही दोन वेगळी नावे आहेत, त्यांची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे आणि मालकही वेगळे असू शकतात. हे असे का, हे समजण्यासाठी नावांची व्यवस्था मुळात कशी चालते, ते पाहायला हवे.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो. माणसांना अंक लक्षात ठेवणे अवघड, म्हणून नाव दिले की त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी एक जगभर पसरलेली नोंदवही १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. तिलाच डोमेन नाव प्रणाली म्हणतात. त्या काळी संगणकांना एकमेकांशी बोलताना जी १२८ चिन्हांची सामायिक यादी ठाऊक होती, तिच्यात इंग्रजीला लागणारीच अक्षरे होती. यंत्रांच्या नावांसाठी तर त्यांतलीही मोजकीच घेतली गेली: लॅटिन वर्णमालेची २६ अक्षरे, दहा अंक आणि मध्ये येणारी जोडरेघ. पुढच्या काळात जगातले लाखो सर्व्हर, राउटर आणि प्रोग्राम याच ३७ चिन्हांवर विसंबून उभे राहिले. त्यामुळे देवनागरी किंवा रशियन भाषेच्या सिरिलिक लिपीतील अक्षरे थेट त्या नोंदवहीत घालायची म्हटली असती, तर जुन्या प्रोग्रामांपैकी किती बंद पडले असते, याचा अंदाज कोणालाच करता आला नसता.

यावर जो तोडगा निघाला, त्याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्यात जुन्या व्यवस्थेला हातच लावलेला नाही. २००३ मध्ये ठरलेल्या मानकांनुसार नोंदवहीत पूर्वीसारखीच लॅटिन अक्षरे राहतात. दुसऱ्या लिपीतील नाव वापरणाऱ्याच्या संगणकातच, म्हणजे सहसा ब्राउझरमध्ये, एका ठरलेल्या गणिताने लॅटिन अक्षरांत बदलले जाते आणि मगच ते बाहेर पाठवले जाते. या गणिताचे नाव प्युनिकोड. असे बदललेले नाव ओळखता यावे, म्हणून त्याच्या सुरुवातीला 'एक्स', 'एन' ही दोन अक्षरे आणि त्यांपाठोपाठ दोन जोडरेघा असतात. ही खूण दिसली, की पुढची अक्षरे म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या लिपीतील नावाचे सांकेतिक रूप आहे, असे समजावे.

हे गणित नेमके काय करते, ते 'गोवा' या शब्दावर पाहू. युनिकोड या जगातील लिप्यांच्या सामायिक यादीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिलेला आहे. 'ग'चा क्रमांक २३२७, ओकाराच्या मात्रेचा २३७९, 'व'चा २३५७ आणि कान्याचा २३६६. म्हणजे डोळ्यांना दोन अक्षरे दिसत असली, तरी संगणकाच्या लेखी हा चार चिन्हांचा शब्द आहे. प्युनिकोड ही चिन्हे लिहिण्याच्या क्रमाने न घेता क्रमांकांच्या चढत्या क्रमाने घेतो. मोजणी १२८ पासून सुरू होते, कारण त्याआधीचे क्रमांक जुन्या यादीतील चिन्हांचे असतात. पहिल्यांदा सर्वांत लहान क्रमांकाचा 'ग' येतो. १२८ पासून २३२७ पर्यंतचे अंतर २१९९, ही पहिली संख्या. मग 'व' येतो आणि शब्द 'गव' होतो. मग काना बसून 'गवा' होतो. शेवटी ओकार 'ग'पाशी जाऊन बसतो आणि 'गोवा' पूर्ण होतो. या पुढच्या तीन पायऱ्यांच्या संख्या ६०, २७ आणि ५० अशा येतात. क्रमांक किती पुढे सरकवायचा आणि नवे चिन्ह कोणत्या जागी घालायचे, या दोन्ही गोष्टी प्रत्येक संख्येत एकत्र बांधलेल्या असतात. या चार संख्या २६ अक्षरे आणि १० अंक मिळून होणाऱ्या ३६ चिन्हांत लिहिल्या, की '३१बी४डी१ए२सी' असे रूप मिळते. त्याच्या आधी ती खूण लावली, की 'गोवा' हे नाव नोंदवहीत जाण्यास तयार होते. उलट दिशेने हेच गणित केले, की पुन्हा 'गोवा' मिळते. कोठेही अंदाज करावा लागत नाही आणि काहीही गळत नाही.

या पद्धतीमुळे व्यवहारात काही गोष्टी अटळपणे घडतात आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. देवनागरी पत्ता ब्राउझरमधून कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये चिकटवला, तर पुष्कळदा तिथे ते अगम्य दिसणारे लॅटिन रूप उमटते. पाहणाऱ्याला वाटते, की काहीतरी बिघडले आहे किंवा ही फसवणुकीची लिंक आहे. प्रत्यक्षात तो तोच पत्ता असतो. संकेतस्थळासाठी जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या नियंत्रण-पानांवर नाव भरताना बहुधा हेच सांकेतिक रूप द्यावे लागते. पत्त्याशेजारी कुलूप दिसण्यासाठी जे सुरक्षा प्रमाणपत्र लागते, तेही याच रूपाच्या नावे काढले जाते. मोफत प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१६ पासून अशी प्रमाणपत्रे देते. लांबीचीही मर्यादा आहे. दोन बिंदूंमधील नाव ६३ चिन्हांपेक्षा मोठे असून चालत नाही आणि ही मोजणी देवनागरी अक्षरांची नसून सांकेतिक रूपाची असते. 'गोवा' या चार चिन्हांच्या शब्दाचे खुणेसकट १३ चिन्हांचे रूप होते, हे लक्षात घेतले, तर संस्थेचे संपूर्ण नाव, गाव आणि तालुका एकाच पत्त्यात कोंबण्याचा मोह आवरणे भाग पडते.

आतापर्यंत जे सांगितले, ते बिंदूच्या डावीकडील नावाविषयी झाले. २०१० पर्यंत बिंदूच्या उजवीकडचा शेवटचा भाग, म्हणजे 'कॉम' किंवा 'इन', लॅटिनमध्येच लिहावा लागत होता. रशियातील माणूस नाव सिरिलिकमध्ये टाइप करी आणि मग कीबोर्ड बदलून शेवटची दोन-तीन अक्षरे लॅटिनमध्ये लिही. ही अडचण दूर करण्याचा निर्णय डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ऑक्टोबर २००९ मध्ये सोल येथील बैठकीत घेतला. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या देशांना अरबी लिपीतील आणि पाठोपाठ रशियाला सिरिलिकमधील शेवटचा भाग मिळाला.

रशियाने निवडलेली अक्षरे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. लॅटिनमध्ये त्या देशाचे चिन्ह 'आरयू' आहे, तेव्हा सिरिलिकमध्येही 'रु' असेच लिहावे, हा पहिला विचार झाला असता. पण सिरिलिकमधील 'र' दिसायला लॅटिन 'पी'सारखा आहे आणि 'उ' लॅटिन 'वाय'सारखा. दोन्ही जोडले, की नजरेला 'पीवाय' दिसते आणि ते तर पॅराग्वेचे चिन्ह आहे. म्हणून 'रशियन फेडरेशन' या नावाची आद्याक्षरे घेतली गेली. त्यांतील 'फ'साठी असलेल्या सिरिलिक अक्षरासारखे लॅटिनमध्ये काहीच नाही, त्यामुळे गोंधळाचा संभवच उरला नाही. बल्गेरियाला हा मार्ग इतका सोपा गेला नाही. त्या देशाने मागितलेली दोन सिरिलिक अक्षरे ब्राझीलच्या 'बीआर'सारखी दिसतात, या कारणाने २०१० मध्ये मागणी नाकारली गेली. बल्गेरियाने ती सोडली नाही, साम्य तपासण्याची वेगळी प्रक्रिया झाली आणि अखेर २०१६ मध्ये ती अक्षरे त्या देशाला मिळाली.

रशियात नोव्हेंबर २०१० मध्ये सर्वांसाठी नोंदणी खुली झाली, तेव्हा लोकांची झुंबड उडाली आणि वर्ष संपायच्या आत नावे काही लाखांच्या घरात गेली. त्या देशाची लॅटिनमधील नावे मात्र आज पन्नास लाखांच्या घरात आहेत आणि सिरिलिक नावे त्यांच्या तुलनेत बरीच कमी आहेत. माझ्या मते यातून दोन गोष्टी दिसतात. लोकांना आपल्या लिपीतील नाव हवे असते, ही पहिली. आणि त्यासाठी ते लॅटिन नाव सोडत नाहीत, ही दुसरी. आपल्याकडे या विषयावर बोलताना जणू एकच निवडायचे आहे, अशा आवेशाने बोलले जाते. त्याची काहीच गरज नाही. दोन्ही पत्ते एकाच संकेतस्थळावर नेणे हे अगदी साधे तांत्रिक काम आहे.

भारताचा स्वतःचा देवनागरी शेवट म्हणजे 'डॉट भारत'. ऑगस्ट २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याची व्यवस्था 'डॉट इन' सांभाळणाऱ्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आहे आणि भारतीय लिप्यांसाठीचे नियम ठरवण्यात सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या भाषातज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. सुरुवातीलाच या शेवटात हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली आणि सिंधी या आठ भाषा धरल्या गेल्या. पुढे इतर लिप्यांतील शेवट मिळून घटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व २२ भाषांची सोय झाली. याशिवाय 'डॉट कॉम', 'डॉट नेट' यांची देवनागरीत लिहिलेली रूपे आणि संस्थांसाठी 'डॉट संगठन' असेही शेवट उपलब्ध आहेत. पण ते नेहमीच्या लॅटिन 'कॉम'पासून वेगळे आहेत, हे विसरू नये. देवनागरी नावामागे लॅटिन 'कॉम' लावूनही नोंदणी होते. मात्र त्यात टाइप करताना मध्येच कीबोर्ड बदलावा लागतो, म्हणून मला तो पर्याय अर्धवट वाटतो.

गोव्याच्या दृष्टीने येथे एक विशेष आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राज्याची राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्याही वापराची तरतूद झाली. दोन्हींची लिपी एकच असल्यामुळे दोन्हींसाठी शेवटही एकच आहे. नाव मराठी आहे की कोंकणी, हे डोमेन नाव प्रणालीला कळत नाही. तिला फक्त चिन्हांचे क्रमांक कळतात. त्यामुळे मराठीतील 'मडगाव' आणि कोंकणीतील अनुस्वारासह 'मडगांव' ही तिच्या लेखी दोन संपूर्ण वेगळी नावे आहेत. मराठीतही १९६२ च्या लेखननियमांआधी 'गांव' असेच लिहीत, त्यामुळे जुन्या संस्थांच्या पाट्यांवर तो अनुस्वार अजून दिसतो. 'गोमंतक' आणि 'गोमन्तक', 'शांतादुर्गा' आणि 'शान्तादुर्गा' यांचेही तेच. वाचणाऱ्याला दोन्ही रूपे बरोबर वाटतात, पण एक आपल्या नावे आणि दुसरे कोणा परक्याच्या नावे, अशी स्थिती सहज येऊ शकते. देवस्थान समित्यांनी आणि जुन्या शिक्षणसंस्थांनी ही गोष्ट नोंदणीआधीच ध्यानात घ्यावी आणि शक्य असेल तर रूढ असलेली दोन्ही रूपे घ्यावीत.

यापुढचा भाग सर्वांत काळजीने वाचावा, कारण तो फसवणुकीविषयी आहे. दोन लिप्यांतील अक्षरे डोळ्यांना सारखी आणि यंत्राला वेगळी असली, की बनावट पत्ता तयार करता येतो. इव्हगेनी गॅब्रिलोविच आणि ॲलेक्स गॉन्टमाखर या संशोधकांनी हा धोका २००२ मध्येच दाखवून दिला होता. मायक्रोसॉफ्टच्या नावातील दोन अक्षरे त्यांनी सिरिलिकमधून घेतली होती. २०१७ मध्ये एका संशोधकाने ॲपल कंपनीचे नाव संपूर्णपणे सिरिलिक अक्षरांत नोंदवून दाखवले आणि काही ब्राउझरांत ते खऱ्यापासून वेगळे ओळखताच येत नव्हते. तोवर ब्राउझरांचा भर एकाच नावात दोन लिप्यांची सरमिसळ पकडण्यावर होता. येथे सरमिसळ नव्हतीच. त्यानंतर क्रोमने नियम कडक केले आणि संशयास्पद नाव दिसले, की मूळ अक्षरांऐवजी सांकेतिक लॅटिन रूप दाखवले जाऊ लागले.

देवनागरीत लॅटिनसारखी दिसणारी अक्षरे नाहीत, म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे मानणे चुकीचे ठरेल. आपला धोका लिपीच्या आतच आहे. 'बँक' हा शब्द घ्या. कोणी 'ब'वर चंद्रबिंदू देतो. कोणी 'ब'ला ॲकाराचा चंद्र देऊन त्यावर वेगळा अनुस्वार ठेवतो. पडद्यावर अनेक फॉन्टांत दोन्ही एकसारखेच दिसतात, पण पहिल्यात चंद्रबिंदूचे एक चिन्ह आहे आणि दुसऱ्यात चंद्र व अनुस्वार अशी दोन. पतसंस्था आणि सहकारी बँका ज्या राज्यात घरोघरच्या ठेवी सांभाळतात, तेथे हा फरक क्षुल्लक म्हणता येत नाही. तीच कथा 'ॲ' या अक्षराची. त्याला स्वतंत्र क्रमांक युनिकोडमध्ये २००८ साली मिळाला. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिले जाई आणि काही कीबोर्ड आजही तसेच लिहितात. ही दोन रूपे आपोआप एक होत नाहीत. म्हणूनच मात्रा व्यंजनाला जोडूनच यावी, स्वराला जोडून येऊ नये, असा नियम भारतीय लिप्यांच्या नोंदणीसाठी तयार झाला आणि जुने रूप बाद ठरले.

'ऱ्य' या जोडाक्षराची गोष्ट याहून नाजूक आहे. 'किनाऱ्यावर' किंवा 'डोंगराच्या दऱ्या' लिहिताना आपण जो अर्धा 'र' काढतो, तो युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर जोडाक्षराचे रूप ठरवणारे एक अदृश्य चिन्ह. हे अदृश्य चिन्ह २००३ च्या नियमांत सरळ गाळले जाई आणि ते गळले, की 'ऱ्य'चा 'र्य' होई, म्हणजे 'दऱ्या'चा 'दर्या'. गोव्यात दर्या म्हणजे समुद्र; दरी आणि दर्या यांची अदलाबदल येथे कोणाला परवडणार? २०१० मध्ये आलेल्या सुधारित नियमांत ते चिन्ह हलन्तानंतर चालते. पण ते दिसतच नसल्यामुळे नोंदणी करणाऱ्या संस्था त्याला जागा देताना हात आखडता घेतात. म्हणून किनाऱ्याजवळच्या घराला किंवा हॉटेलला असे नाव हवे असेल, तर टिंब असलेल्या 'ऱ'नेच ते टाइप करावे आणि सांकेतिक रूप काढून त्यावरून पुन्हा देवनागरी करून पाहावे. ते जसेच्या तसे परत आले, तरच नोंदणी करावी.

नाव ठरवताना आणखी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. शब्दांमध्ये जागा सोडता येत नाही. शब्द जोडून लिहावेत किंवा मध्ये जोडरेघ द्यावी. जोडरेघ नावाच्या आरंभी किंवा शेवटी येत नाही. नावाची सुरुवात मात्रेने किंवा अनुस्वाराने होत नाही. दंड, विसर्गाऐवजी टाइप केलेला अपूर्णविराम, अवतरणचिन्हे यांपैकी काहीही चालत नाही. नावाचे भाग वेगळे करणारा बिंदू हा नेहमीचाच बिंदू असतो. त्याच्या जागी दंड दिला, तर पत्ता उघडत नाही. ज्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाविषयी लोकांत एकवाक्यता नाही, असे शब्द टाळलेले बरे. आणि नाव नक्की करण्यापूर्वी ते घरातील दोन-तीन माणसांना तोंडी सांगून त्यांच्याच मोबाइलवर टाइप करायला लावावे. कोणाचे बोट कोठे अडते, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही नियमावलीतून कळत नाही.

प्रत्यक्ष नोंदणीत विशेष अवघड काही नाही. निक्सीने मान्यता दिलेल्या नोंदणी कंपन्यांपैकी जी 'डॉट भारत' देते, तिच्या संकेतस्थळावर नाव देवनागरीत टाइप करून ते मोकळे आहे का, ते पाहायचे, ओळखीचा तपशील भरायचा, वर्षाचे शुल्क द्यायचे. नोंदणी संस्थेच्या नावे आणि संस्थेच्याच ईमेलवर करावी. संकेतस्थळ बनवून देणारा तरुण स्वतःच्या नावे नोंदणी करून देतो आणि पुढे तो मुंबईला किंवा आखाती देशात नोकरीला गेला, की संस्थेला नूतनीकरणाची सूचनाही मिळत नाही, असे प्रसंग घडत असतात. नाव मिळाल्यावर लॅटिन पत्ता आणि देवनागरी पत्ता यांपैकी एक मुख्य ठरवून दुसरा त्याकडे कायमचा वळवावा, म्हणजे शोधयंत्रांना ही दोन वेगळी संकेतस्थळे वाटत नाहीत. आपल्या नावाशी साम्य असलेले नाव दुसऱ्याने वाईट हेतूने घेतले, तर 'डॉट इन'साठी असलेल्या तंटा निवारण धोरणाखालीच 'डॉट भारत'संबंधी तक्रारही करता येते.

खरी अडवणूक सुरू होते ती नोंदणीनंतर आणि विशेषतः ईमेलपाशी. संकेतस्थळाचा पत्ता ब्राउझर सांकेतिक रूपात बदलून देतो, पण ईमेलच्या पत्त्यातील 'ॲट' या चिन्हाच्या डावीकडील भागाला प्युनिकोड लागू होत नाही. तो भाग देवनागरीत असेल, तर पाठवणाऱ्यापासून मिळवणाऱ्यापर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक मेल सर्व्हरला देवनागरी जशीच्या तशी समजावी लागते. त्यासाठीची मानके २०१२ मध्ये आली. जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करू देते आणि मेल सर्व्हरसाठी सर्रास वापरला जाणारा पोस्टफिक्स हा प्रोग्राम २०१५ पासून त्यांना स्वीकारतो. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये 'राजस्थान.भारत' या नावाखाली नागरिकांना हिंदी ईमेल पत्ते देऊ केले. म्हणजे तंत्रज्ञान तयार आहे. तरीही बँकेचा अर्ज, विजेच्या बिलाची नोंद, शाळेचा प्रवेश अर्ज, रेल्वेचे तिकीट यांपैकी कोठे ना कोठे 'अवैध ईमेल' असा लाल शेरा येतोच.

हा शेरा येण्याचे कारण बहुधा एका ओळीत दडलेले असते. अर्ज तयार करणारा प्रोग्रामर पत्ता तपासण्यासाठी जी ओळ लिहितो, तिच्यात अक्षर म्हणजे लॅटिनची २६ अक्षरे, असे गृहीत धरलेले असते. बऱ्याचदा ती ओळ त्याने कुठून तरी जशीच्या तशी उचललेली असते. वेबपानांच्या मानकातील ईमेलचा तयार रकानाही 'ॲट'च्या डावीकडे देवनागरी आली, की पत्ता नाकारतो. काहींनी तर शेवटचा भाग दोन ते चार अक्षरांचाच असतो, असेही धरलेले आढळते. 'डॉट भारत'चे सांकेतिक रूप खुणेसकट ११ चिन्हांचे असल्यामुळे ते या गाळणीतून जातच नाही. दुरुस्ती मोठी नाही. पत्त्यात मध्ये एक 'ॲट' आहे आणि त्याच्या उजवीकडे बिंदू आहे, एवढेच तपासावे आणि पत्ता खरा आहे की नाही, ते त्या पत्त्यावर एक पडताळणी पत्र पाठवून ठरवावे. माहितीच्या साठ्यात मूळ अक्षरे राहतील, अशी युनिकोडची व्यवस्था ठेवावी. हे सर्व 'सार्वत्रिक स्वीकृती' या नावाने ओळखले जाते आणि आयकॅनच्या पाठिंब्याने एक गट २०१५ पासून त्यासाठी जगभर काम करतो आहे.

गोव्यात हे काम पुढे नेण्याची जबाबदारी मला तरी संकेतस्थळे बनवणाऱ्या आपल्याच मुलामुलींवर अधिक वाटते, कारण पंचायतींची, देवस्थानांची, शाळांची आणि पर्यटन व्यावसायिकांची पाने तीच तयार करतात. देवनागरी पत्ता घेणाऱ्या संस्थेने त्यांच्याशी करार करतानाच लिहून घ्यावे, की संपर्काच्या अर्जात देवनागरी ईमेल पत्ता आणि 'डॉट भारत'चा पत्ता स्वीकारला गेला पाहिजे, आणि काम ताब्यात घेताना तो स्वतः भरून पाहावा. दुसऱ्या कार्यालयाच्या अर्जाने पत्ता नाकारला, तर नुसती नाराजी कळवून उपयोग नाही. कोणते पान, कोणता रकाना, कोणता पत्ता टाइप केला आणि कोणता संदेश आला, हे पडद्याच्या चित्रासह कळवावे, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला नेमकी ती ओळ शोधता येते. तोवर अशा अर्जात संकेतस्थळाच्या रकान्यात सांकेतिक रूप आणि ईमेलच्या रकान्यात लॅटिन पत्ता भरून काम उरकून घ्यावे. पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि जत्रेच्या निमंत्रणपत्रिकेवर मात्र देवनागरी पत्ताच छापावा, कारण तो वाचणारी आणि टाइप करणारी माणसे तेथेच भेटतात.